व्हॅल्यू सापडली, पुढचं काय? पीएचपीच्या अ‍ॅरे फंक्शन्सचं परीक्षण

'या व्हॅल्यूच्या पुढचा घटक दे' असं थेट सांगता येईल असं एकही फंक्शन वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेत नाही. गरज मात्र रोजची. मसुदा, तपासणी, मंजूर, प्रकाशित अशा चार पायऱ्या व्हॅल्यूंच्या क्रमवार यादीत, म्हणजे एका अ‍ॅरेत आहेत, लेख सध्या 'तपासणी'वर आहे आणि 'पुढे' बटणावर 'मंजूर' उमटायला हवं, एवढंच. त्यासाठी भाषेच्या पेटीतली दोन-तीन हत्यारं एकमेकांना जोडावी लागतात: अ‍ॅरे_सर्च, करंट-नेक्स्ट-रीसेट ही पॉइंटरवाली मंडळी, अ‍ॅरे_कीज, यादीवर फेरी मारणारा साधा फोरीच लूप आणि पीएचपी ८.४ पासून अ‍ॅरे_फाइंड_की. हे परीक्षण त्याच हत्यारांचं आहे, आणि फक्त याच एका कामापुरतं.

मधली व्हॅल्यू देऊन पुढची मागितली तर सगळीच हत्यारं पास होतात, त्यामुळे ती कसोटी कामाची नाही. खरी परीक्षा बाकीच्या वेळी असते: व्हॅल्यू पहिल्याच जागी असेल, शेवटची असेल, अ‍ॅरेत नसेलच, दोनदा आली असेल, इंडेक्समध्ये मध्येच खाडे असतील, किंवा अ‍ॅरे रिकामा असेल. अशा वेळी हत्यार सरळ 'नाही' म्हणतं, का गुपचूप भलताच घटक हातात ठेवतं, यावर त्याची लायकी ठरते.

अ‍ॅरे_सर्च: कामाचं, पण तिसऱ्या पॅरामीटरशिवाय हात लावू नये

अ‍ॅरे_सर्च व्हॅल्यू शोधतं आणि पहिल्या जुळणीची की, म्हणजे तिचा इंडेक्स किंवा नाव, परत देतं. काही सापडलं नाही तर फॉल्स देतं. सगळ्या गडबडीचं मूळ या फॉल्समध्ये आहे. बहुतेक जण पहिल्यांदा लिहितात ती ओळ अशी:

$पायऱ्या[अ‍ॅरे_सर्च('रद्द', $पायऱ्या) + १]

'रद्द' ही पायरी यादीत नाही. म्हणून फॉल्स मिळतो, पीएचपी फॉल्स + १ ची बेरीज १ करते आणि उत्तर येतं $पायऱ्या[१], म्हणजे 'तपासणी'. एरर नाही, वॉर्निंग नाही. रद्द झालेला लेख परत तपासणीला जातो आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही.

हीच चूक थोडी वेगळ्या हातानं लिहिली तर उत्तरही बदलतं. अ‍ॅरे_सर्चचं उत्तर $जागा मध्ये ठेवून $जागा++ केलं, तर फॉल्सवर ++ चा काहीच परिणाम होत नाही. तो फॉल्सच राहतो, इंडेक्स म्हणून वापरताना त्याचं शून्य होतं आणि हातात येतो पहिला घटक, 'मसुदा'. पीएचपी ८.३ पासून बूलियनवर ++ केलं तर निदान वॉर्निंग तरी येते. + १ वर ८.३ मध्येही काही येत नाही.

उलट्या बाजूचा सापळा सगळ्यांना माहीत असतो, तरी त्यात पाय अडकतोच. इफ ($जागा) अशी तपासणी केली तर पहिल्याच जागी सापडलेली व्हॅल्यू 'सापडली नाही' ठरते, कारण तिची की शून्य आहे. तपासणी नेहमी === फॉल्स अशी, तीन चिन्हांनीच करायची.

दुसरी बाब तुलनेची. तिसरा पॅरामीटर दिला नाही तर अ‍ॅरे_सर्च ढिली, म्हणजे टाइप न पाहता, तुलना करतं. पीएचपी ७ पर्यंत शून्य हा आकडा अक्षरांच्या कुठल्याही स्ट्रिंगशी जुळायचा, म्हणजे यादीत ० असेल तर 'तपासणी' शोधल्यावर ते शून्यच सापडायचं. २०२० साली आलेल्या ८.० ने ही खोड मोडली. पण ढिलेपणा संपला असं समजू नये. '०१' आणि '१', '१ई३' आणि '१०००' या स्ट्रिंग जोड्या इंग्रजी आकड्यांत लिहिल्या तर आजही ढिल्या तुलनेत सारख्याच ठरतात. मालाचे कोड, पिनसारखे क्रमांक, पुढे शून्य असलेले आयडी अशा यादीत ही चूक महिनोन्‌महिने दडून बसू शकते.

म्हणून तिसरा पॅरामीटर ट्रू हवाच. त्याची एक किंमत आहे, ती आधीच माहीत असलेली बरी: फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून आलेली व्हॅल्यू स्ट्रिंग असते. यादीत ५ हा आकडा आणि हातात '५' ही स्ट्रिंग असेल तर कडक तुलनेत त्या जुळत नाहीत. यावर ट्रू काढून टाकणं हा उपाय नव्हे. शोधण्याआधी व्हॅल्यू योग्य टाइपमध्ये बदलून घ्यावी.

नीट लिहिलेलं रूप दोन ओळींचं आहे:

$जागा = अ‍ॅरे_सर्च($आत्ताची, $पायऱ्या, ट्रू);
$पुढची = $जागा === फॉल्स ? नल : ($पायऱ्या[$जागा + १] ?? नल);

यात 'नाहीच' आणि 'शेवटची आहे' या दोन्हींचं उत्तर नल (काहीच नाही) येतं. ड्रॉपडाउन भरायला हे चालेल. कामाच्या पायऱ्यांसाठी आमच्या मते चालू नये. 'प्रकाशित'च्या पुढे काही नसणं ही सामान्य स्थिती आहे, पण 'रद्द' यादीतच नसणं ही डेटातली चूक आहे. तिथे एक्सेप्शन फेकून काम थांबवलेलं चांगलं.

इंडेक्समध्ये एक मिळवणं कधी बिनसतं

अ‍ॅरे_सर्च जागा देत नाही, की देतं. अ‍ॅरेच्या कीज ०, १, २ अशा ओळीनं असतील तरच त्या दोहोंचा अर्थ एक. अनसेट, अ‍ॅरे_फिल्टर आणि अ‍ॅरे_युनिक मधले घटक काढतात, पण उरलेल्यांच्या कीज तशाच ठेवतात. अ‍ॅरे_फिल्टरनं इंडेक्स २ चा घटक गळाला तर १ च्या पुढे थेट ३ येतो, आणि $पायऱ्या[१ + १] काही देत नाही. वरच्या ओळीतलं ?? (डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं घेणारं चिन्ह) हे वॉर्निंगही गिळून टाकतं, त्यामुळे 'शेवटची पायरी आली' असा गैरसमज होतो.

याहून वाईट प्रकार एसॉर्टचा. एसॉर्ट क्रम बदलतं, पण प्रत्येक व्हॅल्यूची जुनी की तिच्याजवळच राहते. ३०, १०, २० या अ‍ॅरेवर एसॉर्ट चालवा. क्रम होतो १०, २०, ३० आणि कीज असतात अनुक्रमे १, २, ०. आता १० च्या पुढचा मागा: की १, अधिक एक म्हणजे २, उत्तर २०. बरोबर, पण नशिबानं. २० च्या पुढचा मागा: की २, अधिक एक म्हणजे ३, ती की नाहीच, उत्तर नल. पाहिजे होतं ३०. आणि ३० च्या पुढचा मागितला, जो खरं तर शेवटचा आहे, तर की ०, अधिक एक म्हणजे १, उत्तर १०. तीन प्रश्नांत एक खरं, एक रिकामं आणि एक सपशेल खोटं. चाचणी फक्त पहिल्या व्हॅल्यूवर घेतली असेल तर कोड पास होऊन पुढे जातो.

इलाज सोपा आहे: शोधण्याआधी $यादी = अ‍ॅरे_व्हॅल्यूज($यादी) करून कीज नव्यानं लावून घ्या. ८.१ पासून अ‍ॅरे_इज_लिस्ट हे फंक्शनही आहे. कीज शून्यापासून ओळीनं आहेत का, याचं ते हो किंवा नाही असं उत्तर देतं. फंक्शनच्या तोंडाशी ही एक तपासणी ठेवली तर वरचा सगळा प्रकार दारातच अडतो.

नावांच्या कीज असतील तेव्हा

असोसिएटिव्ह अ‍ॅरेत एखाद्या की नंतरची की हवी असेल तर अ‍ॅरे_कीज काढून त्यात शोधायचं, ही सर्वमान्य रीत. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक बारीक काटा आहे. पीएचपी '५' सारख्या पूर्णांकी स्ट्रिंगची की बनवताना तिचा आकडा करून टाकते. म्हणजे अ‍ॅरे लिहिताना '५' लिहिलं तरी अ‍ॅरे_कीजमध्ये ५ हा इंटिजर निघतो, आणि कडक तुलनेनं '५' शोधली तर सापडत नाही. '०५' मात्र स्ट्रिंगच राहते. म्हणून एकाच यादीत काही आयडी सापडतात, काही सापडत नाहीत, आणि माणूस भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो.

यावर ढिली तुलना लावू नये, नाहीतर '०५' आणि '५' एक होतील. दोन्ही बाजू स्ट्रिंग करा: अ‍ॅरे_मॅपनं सगळ्या कीजवर स्ट्रव्हॅल चालवा, शोधायची कीसुद्धा स्ट्रिंग करून घ्या आणि मग कडक शोध लावा.

करंट, नेक्स्ट, रीसेट: या कामाला नकोत

प्रत्येक अ‍ॅरेच्या पोटात एक पॉइंटर, म्हणजे सध्याची जागा दाखवणारी खूण, असतो. नेक्स्ट तो पुढे सरकवतं, करंट तिथली व्हॅल्यू देतं, रीसेट त्याला सुरुवातीला नेतं. नावावरून वाटतं, हे याच कामासाठी बनलंय. वापरात मात्र चार ठिकाणी घात होतो.

पहिला घात अनंत लूपचा. 'करंट ही हवी ती व्हॅल्यू नाही तोवर नेक्स्ट' असा व्हाइल लिहिला आणि व्हॅल्यू यादीत नसली, तर पॉइंटर शेवट ओलांडतो, करंट दर वेळी फॉल्स देत राहतं, फॉल्स काही हव्या त्या व्हॅल्यूइतका होत नाही, आणि लूप थांबतच नाही. थांबायची अट की() !== नल अशी स्वतंत्र द्यावी लागते.

दुसरा, नेक्स्ट शेवटी फॉल्स देतं. यादीतच फॉल्स ही व्हॅल्यू असेल तर शेवट झाला का खरी व्हॅल्यू आली, हे त्या उत्तरावरून कळायला मार्ग नाही.

तिसरा जुन्या कोडमध्ये सापडतो. फोरीच चालू असताना व्हॅल्यू जुळली रे जुळली की आत नेक्स्ट मारायचं, ही पीएचपी ५ च्या काळातली पाककृती. ७.० पासून फोरीच हा आतला पॉइंटर हलवतच नाही. त्यामुळे 'मंजूर' सापडल्यावर नेक्स्ट मारलं तरी पॉइंटर शून्यावरून एकवर येतो आणि उत्तर मिळतं 'तपासणी'. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेताना ही ओळ कुठलाही आवाज न करता चुकीची होते, म्हणून फोरीचच्या पोटातलं प्रत्येक नेक्स्ट शोधून काढावं.

चौथा छोटा आहे. नेक्स्टला व्हेरिएबल लागतं, दुसऱ्या फंक्शनचं उत्तर थेट दिलं तर पीएचपी नोटीस देते. आणि अ‍ॅरे एखाद्या फंक्शनला साधाच पाठवला तर पॉइंटर सरकतो तो प्रतीचा, मूळ अ‍ॅरे जागच्या जागी.

या हत्यारांना या कामात पाचपैकी एक. जोडीदार असलेलं ईच हे फंक्शन ७.२ मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं. पॉइंटर हातानं हलवण्याच्या वाटेवर आता नवं काही बांधू नये.

साधा फोरीच: पेटीतलं सर्वात भरवशाचं

फंक्शन पुढचा($यादी, $ओळखीची) {
    $सापडली = फॉल्स;
    फोरीच ($यादी अ‍ॅज $व्हॅल्यू) {
        इफ ($सापडली) रिटर्न $व्हॅल्यू;
        $सापडली = ($व्हॅल्यू === $ओळखीची);
    }
    रिटर्न नल;
}

आठ ओळी, पण यात इंडेक्सची बेरीजच नाही. त्यामुळे खाडे असलेला अ‍ॅरे, एसॉर्ट केलेला अ‍ॅरे, नावांच्या कीज, अगदी एकेक व्हॅल्यू देत जाणारा जनरेटरसुद्धा चालतो. प्रत बनत नाही, आणि व्हॅल्यू लवकर सापडली तर फेरी तिथेच संपते. सर्वात उपयोगाची गोष्ट लूपच्या बाहेर आहे: लूप संपल्यावर $सापडली ट्रू असेल तर व्हॅल्यू शेवटची होती, फॉल्स असेल तर ती यादीत नव्हतीच. रिटर्न नलच्या आधी एवढं पाहून एक्सेप्शन फेकलं की दोन्ही प्रकरणं वेगळी होतात. यादीतच नल व्हॅल्यू असू शकत असतील तर व्हॅल्यूऐवजी की परत द्यावी.

दोनदा आलेल्या व्हॅल्यूच्या बाबतीत हे पहिल्या जुळणीच्या पुढचं देतं, अ‍ॅरे_सर्चसारखंच. सगळ्या जुळण्या हव्या असतील तर अ‍ॅरे_कीजला शोधायची व्हॅल्यू आणि ट्रू द्या, सगळ्या कीज एकदम मिळतात. फोरीचला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण एवढ्यासाठी कापला की हे प्रत्येक प्रकल्पात पुन्हा लिहावं लागतं.

एकच यादी, हजार प्रश्न

दर वेळी यादी पहिल्यापासून चाळणं शंभर-दोनशे घटकांना जाणवत नाही. मोठ्या यादीतल्या प्रत्येक घटकाचा पुढचा विचारायचा असेल तर काम यादीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेव्हा एकदाच नकाशा बनवा: अ‍ॅरे_स्लाइसनं शेवटचा सोडून सगळे घटक घ्या, दुसऱ्या अ‍ॅरे_स्लाइसनं पहिला सोडून सगळे घ्या आणि अ‍ॅरे_कंबाइननं पहिल्यांच्या कीज, दुसऱ्यांच्या व्हॅल्यूज करा. मग $नकाशा['तपासणी'] म्हटलं की 'मंजूर' हजर.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. व्हॅल्यू दोनदा आली असेल तर इथे शेवटची जुळणी टिकते, अ‍ॅरे_सर्चच्या बरोबर उलट. एकाच प्रकल्पात दोन्ही पद्धती वापरल्या आणि यादीत दुहेरी व्हॅल्यू शिरली, तर दोन पानांवर दोन उत्तरं दिसतील. शिवाय कीज फक्त आकडे किंवा स्ट्रिंग असू शकतात, ऑब्जेक्ट चालत नाहीत.

अ‍ॅरे_फाइंड_की: नवं, नेटकं, पण बेरीज तीच

२०२४ च्या ८.४ मध्ये आलेल्या या फंक्शनला अट कॉलबॅक, म्हणजे तपासणी करणारं छोटं फंक्शन, म्हणून देता येते. 'ज्या पायरीचा आयडी अमुक आहे' असं ऑब्जेक्टच्या यादीत शोधायला ते फार सोयीचं. मात्र काही न सापडल्यास ते फॉल्स देत नाही, नल देतं. अ‍ॅरे_सर्चच्या जागी हे बसवून पुढची !== फॉल्स ही तपासणी तशीच ठेवली, तर नल त्या तपासणीतून आरामात पार होतो, नल + १ चं १ होतं आणि पुन्हा तोच दुसरा घटक हाती येतो. फंक्शन बदलताना तपासणीची ओळही त्याच वेळी बदलावी.

पायऱ्या ठरलेल्या असतील तर ८.१ पासूनचे एनम (ठरावीक पर्यायांचा टाइप) याहून सरस आहेत. केसेस() शून्यापासून ओळीनं, लिहिलेल्या क्रमानंच यादी देतं, खाडे पडण्याचा प्रश्नच नाही, आणि यादीत नसलेली पायरी एनममध्ये जन्मालाच येत नाही. त्यावर कडक अ‍ॅरे_सर्च लावलं की उरते फक्त शेवटच्या पायरीची काळजी.

शेजारच्या भाषांशी तुलना

जावास्क्रिप्टचं इंडेक्सऑफ काही न सापडल्यास -१ देतं. त्यात एक मिळवला की शून्य, म्हणजे पहिला घटक. पीएचपीत दुसरा येतो, इथे पहिला, आणि पहिला घटक पाहणाऱ्याला जास्त खरा वाटतो. त्यामुळे ही चूक नजरेतून सुटते. एनएएन ही 'आकडा नाही' दाखवणारी व्हॅल्यू तर इंडेक्सऑफला कधीच सापडत नाही, इन्क्लूड्सला सापडतं. जावाच्या लिस्टमध्येही तोच -१. तिथे आणखी एक खड्डा: इंट अ‍ॅरे अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्टला दिला तर आकड्यांची यादी मिळत नाही, तो अख्खा अ‍ॅरे एकच घटक असलेली यादी मिळते. मग शोध नेहमी -१ आणि गेट(०) म्हणजे तो अ‍ॅरेच.

पायथन या बाबतीत प्रामाणिक आहे. इंडेक्सला व्हॅल्यू नाही मिळाली तर व्हॅल्यूएरर, शेवटच्या पुढे गेलात तर इंडेक्सएरर. दोन वेगळ्या चुकांना दोन वेगळी नावं. फक्त आधीचा घटक मागताना जपा, कारण शून्यातून एक गेला की -१ आणि पायथनमध्ये तो शेवटचा घटक. जोड्यांनी चालायचं असेल तर ३.१० पासून इटरटूल्समध्ये पेअरवाइज आहे, त्यात आधीचा-पुढचा असे दोघे एकदम हाती येतात. रूबीत तेच काम ईच_कॉन्स(२) करतं, आणि न सापडलेल्या निलमध्ये एक मिळवायला गेलात तर रूबी तिथल्या तिथे अडवते.

सर्वात कडक पहारा रस्टचा. पोझिशन ऑप्शन, म्हणजे 'आहे' किंवा 'नाही' असं सांगणारं वेष्टण, देतं, गेटही ऑप्शन देतं, आणि दोन्ही उलगडून पाहिल्याशिवाय कंपायलर बेरीज करू देत नाही. पीएचपीत जी शिस्त माणसाला पाळावी लागते, ती तिथे भाषाच पाळून घेते.

यादी चढत्या क्रमात असेल आणि 'हिच्याहून मोठी अशी सर्वात जवळची' व्हॅल्यू हवी असेल, तर हा प्रश्नच निराळा, कारण ओळखीची व्हॅल्यू यादीत असलीच पाहिजे असं नाही. त्यासाठी जावाच्या ट्रीसेटचं हायर, सी++ चं अपर_बाउंड आणि पायथनचं बायसेक्ट_राइट आहे. पीएचपीच्या पेटीत असं तयार हत्यार नाही. दोन टोकं धरून मधे तोडत जाणारा शोध स्वतः लिहावा लागतो, आणि तो लिहिताना अ‍ॅरे सॉर्टनं लावलेला आहे, एसॉर्टनं नाही, एवढं आधी पाहून घ्यावं.